काळीचें डाळिंब आणि पांढरीचें डाळिंब

डाळिंब म्हटलें म्हणजे आम्हां पुणेकरांस आळंदीची आठवण होते. आळंदीच्या डाळिंबाचा लौकिक जुना आहे. गणेशखिंडीच्या बागेंत डॉ. चीमा यांनीं १९३६ सालीं जी जात निवडली आणि जी पुढें ‘गणेश’ या नांवानें सर्वत्र पोंचली, ती या आळंदीच्या रोपांतूनच निघालेली. अलीकडे सोलापूर, सांगोलें, आटपाडी, सटाणें हीं नांवें पुढें आलीं आहेत, व तें योग्यच आहे. २००५ सालीं डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालें तेंहि सोलापुरास. या मालिकेंत परभणीचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. म्हणून परभणी जिल्ह्यांतील माझ्या आजोळच्या रानांत डाळिंबाची बाग लागली आहे, असें जेव्हां मला प्रथम कळलें, तेव्हां कौतुकाबरोबर थोडी काळजीहि वाटली होती.

पाथरी तालुक्यांत आजोबांचें वतनी रान होतें. त्यांतलें कायद्यानें कुळांकडे गेलें तें गेलें. राहिलें तें माझे मामेभाऊ अण्णा पाहतात. त्यांचा मुलगा पुण्यास एका कारखान्यांत नोकरीला होता. २०२० च्या साथींत ती नोकरी सुटली आणि तो गांवीं परतला. त्याच पावसाळ्यांत त्यानें दोन एकरांत डाळिंब लावलें. पुढें चार वर्षें त्याचीं पत्रें नाहींत, पण छायाचित्रें येत; कधीं लालभडक कळ्यांचीं, कधीं फळांनीं वांकलेल्या फांद्यांचीं. मग तींहि यावयाचीं थांबलीं. २०२४ च्या दिवाळीनंतर एके सकाळीं अण्णांचा दूरध्वनि आला.

“तूं एकदां येऊन जा. बाग राखायची कीं उपटायची, याचा निकाल संक्रांतीच्या आंत लागला पाहिजे. माझें तो ऐकत नाहीं, त्याचें मला पटत नाहीं. तूं जन्मभर मास्तरकी केलीस. तुझें तो ऐकेल.”

मास्तराचें कोणी ऐकतें हा अण्णांचा भोळा समज आहे. तरी मी निघालों.

मनमाडास गाडी बदलली. तेथून पुढचा लोहमार्ग निजामाच्या राजवटींत, १९०० सालच्या सुमारास घातलेला. माझ्या लहानपणीं त्यावर मीटर मापाची गाडी धांवे. ‘धांवे’ हा शब्द मी उदारपणानें वापरीत आहें. आतां रूळ रुंद झाले, वेग वाढला, पण खिडकींतला देखावा तोच आहे. जालना मागें पडून परतूर आलें कीं जमिनीचा रंग गडद होऊं लागतो आणि सेलूपाशीं ती पुरी काळी होते. कार्तिकाचे दिवस होते. कापसाचीं बोंडें फुटलीं होतीं, तुरीला पिवळा फुलोरा आला होता, आणि सोयाबीन निघून गेलेल्या रानांत रब्बीची ज्वारी वीतभर वर आली होती.

ही काळी जमीन ज्यानें पाहिली नाहीं त्यास तिची कल्पना देणें कठीण आहे. पावसांत ती फुगते, पायाला मणभर चिकटते आणि वहाण ठेवून घेते. वैशाखांत तिला अशा भेगा पडतात कीं लहानपणीं आमची विटी एकदां आंत गेली ती गेलीच, मामा म्हणाले, “आतां ती शेषाच्या पोरांना मिळाली.” दोन-तीन हात खोल खणलें तरी सगळी चिकण, वाळूचें नांव नाहीं. पण पोटांत पाणी सांठवून ठेवण्याचा तिचा गुण मोठा आहे. आश्विनांत पाऊस थांबतो. त्यानंतर एकहि सर न पडतां रब्बीची ज्वारी केवळ त्या सांठ्यावर वाढते आणि कणसें भरते. परभणीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ निघालें, व तेथें निघालेल्या ‘परभणी मोती’ या ज्वारीचें नांव आमच्याकडील भाकरी खाणाऱ्यांना नवें नाहीं. ज्वारीची आणि कापसाची ही काळी खरोखर आई आहे. डाळिंबाची मात्र ती सावत्र आई निघाली.

मानवत रोडच्या स्थानकावर मुलगा फटफटी घेऊन आला होता. चार वर्षांत तो दहा वर्षांनीं मोठा दिसूं लागला होता. “काका, घट्ट धरून बसा,” एवढें बोलून तो गप्प झाला, तो पाथरी येईपर्यंत गप्पच होता.

पाथरी आज तालुक्याचें साधें गांव दिसतें, पण एके काळीं त्याचें महत्त्व मोठें होतें. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीच्या कुलकर्णी घराण्यांतले ब्राह्मण होते, असें फिरिश्ता हा इतिहासकार लिहून गेला आहे. आणि वऱ्हाडच्या इमादशाहीशीं त्या निजामशाहीचें जें वैर झालें, त्यांत या पाथरीचा वाटा होता. बादशाही गेली, लढाया गेल्या. उरलीं तीं पडकीं भिंताडें. आमचा वाडाहि त्याच गोत्राचा. पुढचा चौक उभा आहे, मागचा माझ्या आजोबांच्या वेळींच पडला, आणि त्याच्या ढिगावर परसूं झालें. त्या परसांत एक डाळिंबाचें झाड आहे.

माझ्या आईच्या लग्नाच्या वर्षीं आजीनें तें लावलें, असें मी ऐकत आलों आहें. म्हणजे त्याला सत्तर वर्षें होऊन गेलीं. मूळचें खोड केव्हांच वाळलें; आतां दिसतात ते त्याच्या बुडाचे फुटवे, मनगटाएवढे झालेले. भाद्रपदांत गणपतीच्या एकवीस पत्रींत डाळिंबाचें पान लागतें, तें अर्धी आळी आमच्या परसांतून नेई. फळाची साल वाळवून मामी डब्यांत ठेवीत. पोराबाळांच्या पोटाला त्याच सालीचा काढा. फळें लहान, वरून पिवळट, दाणे फिके गुलाबी, बी दांतांना जाणवणारी. बाजारांत तें कोणी विचारणार नाहीं. पण असें वर्ष मला आठवत नाहीं कीं त्यावर फळ नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर मामींनीं त्यांतलेंच एक फोडून आणलें. मामी नव्वदीला टेकल्या आहेत. दाणे काढण्याचें काम त्या अजून दुसऱ्यावर सोपवीत नाहींत. वहिनी पानें उचलीत होत्या. त्यांच्या हातांत नुसत्या कांचेच्या बांगड्या होत्या. लग्नांत मामींनीं त्यांना घातलेल्या पाटल्या मीं पाहिल्या आहेत. त्या कोठें गेल्या हें मीं विचारलें नाहीं, आणि कोणी सांगितलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं बागेंत गेलों. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला हें रान आहे. १९७६ सालीं धरण पुरें झालें, कालव्याचें पाणी आलें, आणि ज्या रानांत कापूस-ज्वारीपलीकडे कांहीं ठाऊक नव्हतें तेथें ऊंस उभा राहिला. पाणी आलें म्हणजे फळबागहि होईल, असें मुलाला वाटलें. त्याच्या जागीं मी असतों तर मलाहि वाटलें असतें. दोन ओळींत पंधरा फूट आणि दोन झाडांत दहा फूट अशा मापानें पांचशें ऐंशी कलमें त्यानें लावलीं. जात ‘भगवा’, राहुरीच्या विद्यापीठानें २००३ च्या सुमारास दिलेली, जिच्या केशरी-लाल रंगावर परदेशचे व्यापारीहि लुब्ध आहेत.

दुरून बाग हिरवीगार दिसली. जवळ गेल्यावर मुलानें एक पान तोडून उन्हासमोर धरलें. त्यावर तेलाचा शिंतोडा उडावा तसे डाग होते. “हा तेल्या,” तो म्हणाला. डाग पुढें तपकिरी होतो, भोंवतीं पिवळी कडा धरते, पान गळतें. फळावर आला तर काळा पडतो आणि मधोमध उलतो. वरून एक चीर, तिला फुटलेल्या दोन चिरा, असें फळ मग कोणी हातांत धरीत नाहीं. हा सूक्ष्म जंतूंचा रोग आहे, बुरशीचा नव्हे. दिल्लीकडे त्याची नोंद १९५२ सालींच झाली होती. महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत त्यानें कहर मांडला तो या शतकाच्या पहिल्या दशकांत. पावसाच्या थेंबाबरोबर तो या पानावरून त्या पानावर उडतो, छाटणीच्या कात्रीबरोबर या झाडावरून त्या झाडावर जातो, आणि कलमांबरोबर या जिल्ह्यांतून त्या जिल्ह्यांत प्रवास करतो. त्याला ऊब हवी आणि ओल हवी. आमच्या श्रावण-भाद्रपदांत दोन्ही फुकट मिळतात.

“कलमें आणलीं तीं निरोगी होतीं ना?” मीं विचारलें.

“तसें सांगितलें होतें, काका. आतां पाहिलें म्हणजे वाटतें कीं दुखणें त्यांच्या अंगांतच होतें. मीं स्वस्त म्हणून घेतलीं.”

त्यापेक्षांहि वाईट दृश्य खालच्या बाजूला होतें. तेथें ओळीच्या ओळी पिवळ्या पडून उभ्या वाळल्या होत्या. मुलानें एका झाडाची फांदी बुडापाशीं कापून दाखविली; आंतलें पांढरें लांकूड करड्या-काळ्या रंगानें डागळलें होतें. ही मर. जमिनींतली बुरशी मुळांतून शिरते आणि झाडाचा रस वर जाणाऱ्या वाटाच बंद करते. मुळें पाण्यांत गुदमरलीं कीं तिचें फावतें. त्या वर्षीं सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यांत जी अतिवृष्टि झाली, तींत ही खालची बाजू तीन दिवस पाण्याखालीं होती. आश्विन लागला तशीं झाडें एकेक मान टाकूं लागलीं.

येथें डाळिंबाच्या स्वभावाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, म्हणजे बापलेकांच्या वादांतली खरी अडचण वाचकांच्या ध्यानांत येईल. डाळिंबाचें मूळ घर इराण आणि त्याच्या शेजारचा कोरडा डोंगराळ मुलूख. कंदाहारचीं डाळिंबें आपल्याकडे पूर्वीपासून नांवाजलेलीं आहेत. तेथें ऊन कडक, थंडी कडक, हवा कोरडी, जमीन खडकाळ. म्हणून ऊन त्याला बाधत नाहीं. परभणीचा वैशाखांतला बेचाळीस अंशांचा पारा तें सोसतें, आणि पौषांतली थंडी, जी राज्यांतल्या सर्वांत कडक थंडींत गणली जाते, तीहि सोसतें. त्याला सोसत नाहीं ती दमट ऊब. माझ्या सासुरवाडीस, रत्नागिरीकडे, दारांत एक डाळिंब आहे. तेथें वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस. झाड बारमाही हिरवें, फुलेंहि लाल. पण फळ धरलें तर काळें पडतें नाहीं तर उकलतें. परभणीस पाऊस त्याच्या चौथाईच्या आसपास, परंतु काळीच्या पोटांत तो इतके दिवस राहतो कीं झाडाच्या मुळांना कोंकणांतच उभें असल्यासारखें होतें.

आणि बागाईतदाराची सारी विद्या तर या झाडाला तहानेलें ठेवण्यांत आहे. डाळिंबाला वर्षांतून तीन वेळां फुलावेंसें वाटतें. तीन्ही वेळां फुलूं दिलें तर झाड थकतें, म्हणून एकच बहार धरावयाचा. त्यासाठीं आधीं दीड-दोन महिने पाणी तोडतात. यालाच ताण देणें म्हणतात. पानें गळतात, झाड निजल्यासारखें होतें. मग हलकी छाटणी करून, खत घालून पाणी सोडलें कीं नव्या फुटीबरोबर फुलें येतात, आणि सहा महिन्यांच्या आंत-बाहेर फळ तयार होतें. पौष-माघांत पाणी दिलें तर आंबे बहार, मृगांत मृग बहार, हस्तांत हस्त बहार. मृगाचीं फळें ऐन पावसांत कोंवळीं असतात, तेव्हां तीं तेल्याच्या तोंडीं जातात. आंबे बहाराचीं फळें आषाढाच्या पावसांत पिकावयास येतात. हस्ताचीं फळें मात्र हिंवाळ्याच्या कोरड्या हवेंत पोसतात आणि फाल्गुन-चैत्रांत स्वच्छ, डागविरहित उतरतात. भावहि बरा मिळतो. मग सर्वांनीं हस्तच कां धरूं नये? कारण त्यासाठीं ताण द्यावयाचा तो भाद्रपदांत. सांगोल्याच्या माळावर तें कांहीं वर्षीं साधतें. पाऊस उघडला कीं मुरूम चार दिवसांत कोरडा होतो. आमच्या काळींत नळी बंद करून महिना झाला तरी झाडाला तहान म्हणून लागत नाहीं.

मुलाचीं चार वर्षें या कोड्यांतच गेलीं. २०२२ सालीं मृग धरला. पावसानें आणि तेल्यानें फळ खाल्लें. २०२३ सालीं पुन्हा मृगच धरला. त्या वर्षींचा ऑगस्ट देशांत शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला, हें वाचकांना आठवत असेल. मराठवाड्यांत कापूस करपला, सोयाबीनला शेंगा भरल्या नाहींत. डाळिंबाला मात्र विहिरीचें पाणी थेंबाथेंबानें मिळत होतें, हवा कोरडी होती, आणि बाग अशी आली कीं पाहत राहावें.

“काका, गांव रडत होतें आणि आमच्या बांधावर व्यापारी उभे होते,” मुलगा खालीं पाहून म्हणाला. “मला आनंद झाल्याची लाज वाटत होती.”

त्या एका वर्षानें त्याची खात्री पटली. त्यानें कर्ज काढून नवी विहीर खणली, फवाऱ्याचें यंत्र घेतलें. २०२४ सालीं हस्त धरावयाचा म्हणून ऑगस्टांत पाणी तोडलें, आणि सप्टेंबरांत आभाळ फाटलें.

दुपारीं ओसरीवर बैठक बसली. अण्णांचें म्हणणें सरळ होतें. सगळी बाग उपटावी, जाळावी, माघाच्या आंत जमीन मोकळी करावी; जी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कापूस-ज्वारी देत आली तिच्याकडून दुसरें मागूं नये. मुलाचें म्हणणें असें कीं आतां उपटलें तर कर्ज तेवढें राहील आणि फेडण्याचें साधन जाईल. आणखी दोन वर्षें द्या. अण्णा म्हणाले, “पाऊस कमी पडो अशी प्रार्थना करीत दोन वर्षें काढायचीं काय?” यावर मुलाजवळ उत्तर नव्हतें. माझ्याजवळहि नव्हतें. मला दोघांचेंहि खरें वाटत होतें, आणि असा पंच कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं.

बोलणें खुंटलें तेव्हां मी उठून परसांत गेलों. मुलगाहि मागून आला. मामींचें झाड पानाफळांनीं भरलें होतें. त्याच पावसांत तें भिजलें होतें, तीच हवा त्यानें घेतली होती. मीं मास्तरी स्वभावानें सहज विचारलें, “हें कसें नाहीं मेलें रे?” मुलानें पानें उलटसुलट पाहिलीं, एक-दोन डाग सांपडले, अधिक नाहींत. मग तो कुदळ घेऊन आला.

मामी दारांतून ओरडल्या, “अरे, त्याच्या मुळाशीं कुदळ कशाला? सासूबाईंच्या हातचें झाड आहे तें!”

“आजी, मुळाला लावीत नाहीं, बाजूलाच खणतों,” म्हणून त्यानें दोन हात लांब खणावयास घेतलें. काळी माती कोठेंच निघाली नाहीं. वरपासून खालपर्यंत करडी-पांढुरकी, भुसभुशीत माती. तींत राख, विटांचे खडे, चुन्याचे गोळे, एक फुटकें खापर. ढेंकूळ हातांत घेतलें तर चुरून गेलें. हा आमचा पडका मागचा चौकच होता. त्याच्या ढिगावर पाणी ठरत नव्हतें. पडलें तें खालीं निघून जात होतें.

अण्णा मागें येऊन उभे होते. त्यांनीं माती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, “ही पांढरी.”

शहरांतल्या वाचकांसाठीं सांगतों. आपल्या जुन्या कागदपत्रांत गांवाचे दोन भाग असतात. पेरणीची जमीन ती काळी, आणि वस्तीची जमीन ती पांढरी. शेंकडों वर्षें मातीचीं घरें उठतात, पडतात, चुलींची राख पडते, आणि गांवाखालीं उंचवटा तयार होतो; त्याची माती पांढरट असते. शेतकरी ती गाड्या भरून रानांत खत म्हणून टाकतात, हें आम्हीं सर्वांनीं पाहिलें होतें. पण आमच्या घरांत जें एक डाळिंब जगलें तें काळींत नव्हे, पांढरींत उभें आहे, हें सत्तर वर्षांत कोणी पाहिलें नव्हतें.

मुलगा मात्र शहाणा आहे. हुरळून गेला नाहीं. “एका झाडावरून कांहीं सिद्ध होत नाहीं, काका. त्याला शेजारीं रोगी झाड नाहीं, कात्री लागत नाहीं, बहार धरला जात नाहीं.” तें खरेंच होतें. परंतु त्याच्याच तोंडून पुढें निघालें कीं बागेच्या वरच्या कोंपऱ्यांतलीं झाडें इतरांपेक्षां बरीं आहेत, आणि तें वाऱ्यामुळें असावें असा त्याचा समज होता.

“वाऱ्यामुळें नव्हे,” अण्णा म्हणाले. “त्या अंगाला बेचिराख गांव होतें. माझ्या आजोबांच्या कागदांत त्याची नोंद आहे. तिथें नांगराला अजून खापरें लागतात.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही तिघे पुन्हा गेलों. अण्णा चार वर्षांत बागेंत इतके आंतपर्यंत बहुधा प्रथमच आले असावेत. ते खापरें उचलून माती कोठपर्यंत बदलते तें दाखवीत चालले आणि मुलगा झाडांना चुन्याची खूण करीत मागें चालला. एकशें अठरा झाडें त्या अंगाला निघालीं. त्यांतल्या कित्येकांवर तेल्याचे डाग होतेच. पण मर लागलेलें एकच.

निकाल असा झाला कीं तेवढीं ठेवावीं, बाकीचीं काढावीं. ठेवलेल्या ओळींत माती चढवून हात-दीड हात उंच वरंबे करावे, म्हणजे मुळें पाण्याच्या वर राहतील आणि वरंबा लवकर सुकून ताण बसेल. नाल्याकडे चर काढावा. काढलेलीं झाडें बांधावर टाकूं नयेत, जाळावीं, कारण वाळल्या फांदींतहि तेल्या जिवंत राहतो. गळलेलीं पानें-फळें वेंचावीं. कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतांना दर वेळीं औषधाच्या पाण्यांत बुडवावी. पावसाळ्यांत मोरचूद आणि चुना यांचें बोर्डो मिश्रण चुकूं देऊं नये. रिकाम्या झालेल्या दीड एकरांत अण्णांची ज्वारी. कर्जाचें काय, हा प्रश्न राहिलाच. तो डाळिंबांनीं एकट्यानें फिटणार नाहीं, हें मुलानें त्या दिवशीं प्रथम आपल्या तोंडानें कबूल केलें. त्यानें परभणीस एखादी नोकरी पाहावी आणि सकाळ-संध्याकाळ बाग पाहावी, असें वहिनींनीं सुचविलें. आम्हां तिघांपैकीं कोणाला तें सुचलें नव्हतें.

ज्यांना घरच्या अंगणांत एखादें डाळिंब लावावयाचें आहे, त्यांना यांतलें एवढें घेतां येईल. दमट गांवीं तें खड्ड्यांत लावूं नये, उंचवट्यावर लावावें. पडक्या भिंतीचा चुनामातीचा ढीग असला तर उत्तम, नसला तर माती, मुरूम आणि विटांचा चुरा घालून ओटा करावा. सकाळचें ऊन पाहिजे, म्हणजे दंव लवकर सुकतें. पाणी बुडाशीं द्यावें, पानांवर मारूं नये. बुडाचे तीन-चार फुटवे ठेवून बाकीचे काढावे, म्हणजे आंत वारा खेळतो. फळ भरत असतां कधीं कोरडें तर कधीं एकदम भरपूर पाणी असें करूं नये. फळें उकलतात तीं बहुधा त्यामुळें. आणि फुलें गळालीं म्हणून हळहळूं नये. घंटेसारखीं, बुडाशीं निमुळतीं असतात तीं नर फुलें. ज्यांचा तळ कळशीसारखा फुगीर असतो तींच फळ धरतात.

निघतांना मामींनीं दोन फळें पिशवींत घातलीं. खणलेला खड्डा त्यांनीं त्याच संध्याकाळीं स्वतः उभें राहून बुजवून घेतला होता, आणि त्यावर दोन दिवस त्या नातवाशीं बोलल्या नव्हत्या.

मार्गशीर्षांत मुलाचा दूरध्वनि आला. झाडें उपटून झालीं होतीं. जाळ तीन दिवस चालला होता. अण्णा पहिल्या दिवशीं येऊन उभे राहिले, दुसऱ्या दिवशीं आले नाहींत. वरंब्यांसाठीं काळी माती न वापरतां बेचिराख गांवच्या टेकाडावरून पांढरी आणावयाची ठरली आहे, पण तेथल्या मातीवर शेजारच्याचा हक्क निघतो, म्हणून अण्णा आजोबांचे कागद काढून बसले आहेत. परभणीस एका बियाणांच्या दुकानांत मुलाला काम मिळालें आहे; सकाळच्या गाडीनें जातो, अंधार पडतां परततो, आणि मग विजेरी घेऊन बागेंत एक फेरी मारतो.